अडीच लाखांच्या आत

सातारा-सांगलीच्या खेड्यांतल्या घराचं मध्यक उत्पन्न किती, आणि ते वर्षागणिक कसं वाढत गेलं, असा प्रश्न एखाद्या संशोधकाला पडलाच तर त्यानं उगाच आकडेमोड करत बसू नये. सरळ तहसील कचेरीशेजारच्या सेतू केंद्रात जावं. तिथं उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा मिळतो, तसा तीन वर्षांचाही मिळतो. पहिल्या वर्षी साठ हजार, दुसऱ्या वर्षी बासष्ट, तिसऱ्या वर्षी पासष्ट. मधल्या काळात महापूर येवो, द्राक्षबागेवर गारा पडोत की बेदाण्याचा दर चढो. दाखल्यावरचं कुटुंब मात्र शिस्तीत, पावलापावलानं पुढं सरकत राहतं. मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यात जुलै २०२५ मध्ये वर्षाला तीन रुपये उत्पन्नाचा दाखला निघाला, मग कारकुनी चूक म्हणून त्याचे तीस हजार झाले. आपल्याकडचे लोक इतके उतावळे नाहीत.

मध्यक काढणं तसं सोपं. सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमानं रांगेत उभी करायची आणि बरोबर मधलं घर हेरायचं. अमेरिकेचं जनगणना खातं एकेका काउंटीसाठी हा उद्योग दरवर्षी करतं. काउंटी लहान असेल आणि नमुना पुरत नसेल तर पाच वर्षांची माहिती एकत्र करतं. आपली जनगणना घरात संडास आहे का, टीव्ही आहे का, हे सगळं विचारते, कमाई सोडून. आणि विचारली तरी रांग लागणार कशी? जो तो मागं सरकतोय.

सरकायला कारणही आहे. १९९९ साली तिरंगी शिधापत्रिका आल्या. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढं पांढरी. मग २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, अडीच लाखांची अट घेऊन. पण कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर दाखलाही नको. दारात ट्रॅक्टर, गोठ्यात चार जर्सी, आणि कपाटात जपून ठेवलेलं केशरी कार्ड. या भागात मध्यक पावसावर हलत नाही, शासन निर्णयावर हलतो. तोच घरधनी बँकेत कर्जाला गेला की उत्पन्न तिप्पट होतं, आणि पोराला स्थळ बघायला निघाला की मोजायचंच सोडून द्यावं लागतं.

यावर अधिकृत उतारा म्हणजे जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ते काढतं. पण ती पडली सरासरी. साखर कारखान्याची उलाढाल आणि ऊसतोड मजुराची कोयता-मजुरी एकाच पातेल्यात ढवळायची आणि प्रत्येकाला सारखा डाव वाढायचा. शिवाय हिशेब धरायचा तो जिल्ह्याच्या हद्दीत जे पिकलं, बनलं, विकलं त्याचा. विट्याकडचा गलाई कारागीर तमिळनाडूत सोनं गाळतो. ती कमाई तमिळनाडूची. पाटण-जावळीचा माथाडी वाशीच्या मार्केटात पोती उचलतो. ती ठाणे जिल्ह्याची. गावाच्या वाट्याला उरतं ते तीन मजली घर, बहुतेक वेळा कुलूपबंद.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी निदान चिकाटीनं मोजून पाहिलं होतं. वाई तालुक्यातल्या शेती व्यवसायाची त्यांची पाहणी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं १९४० साली प्रसिद्ध केली. तिच्याशी आजची तुलना करावी, तर आधी जिल्हा शोधावा लागतो. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. जिल्ह्याची एकदाच वाटणी झाली, घरांची रोज होते. पाहणीवाले एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरतात. इथं चूल एक आणि रेशनकार्डं तीन.

दिल्लीकरांनीही हात पोळून घेतलेत. राष्ट्रीय नमुना पाहणीनं १९६४-६५ आणि १९६९-७० मध्ये घरोघरी उत्पन्न विचारून पाहिलं. लोकांनी सांगितलेली मिळकत त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरली. म्हणजे कमावलं त्याहून जास्त खाल्लं, आणि वर शिल्लकही टाकली! तज्ज्ञांनी नाद सोडला. कराडच्या बाजारातल्या कुठल्याही दलालानं हे कोडं चहा संपायच्या आत उलगडून दाखवलं असतं.

आता २०२६ साठी देशभर उत्पन्नाची नवी पाहणी ठरली. २०२५ मध्ये तिची रंगीत तालीम झाली, तेव्हा सुमारे ९५ टक्के लोकांना प्रश्न फार खाजगी वाटले. वाळव्याच्या ओसरीवर या पाहणीचा अर्ज उघडला की काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. घरधनी खुर्ची देईल, चहा सांगेल, आधी तुमचा पगार किती ते विचारून घेईल. मग उसाचं विचारलं की म्हणेल, साहेब, बिल चौदा दिवसांत द्यायचा कायदा आहे ना, मग ते जमा झालं की या, आकडा सांगतो.