मीपण येणार!

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातल्या पोराला एकट्याने घराबाहेर पडणं जमत नाही. एका बाजूला एमआयडीसी आणि दुसरीकडे विमानतळ असला, तरी मधल्या कातळसड्यावर करवंदं पिकतात आणि पावसाळ्यात पऱ्याला कुर्ल्या मिळतात. मात्र दादाने पायात चप्पल सरकवली की आतून आरोळी येते, "मीपण येणार!" दादा रडकुंडीला येतो, धाकटं खरंच रडतं, आणि पडवीतून आजीचा निकाल लागतो, "ने रे त्याला. हात सोडू नको म्हणजे झालं."

या हट्टापुढे भलेभले हरले आहेत. बेडन-पॉवेल हा ब्रिटिश सेनापती त्यांतलाच एक. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राउनसी बेटावर वीसेक मुलगे तंबूत ठेवले आणि स्काउटची चळवळ सुरू झाली. त्याच्या डोळ्यांसमोर होते फक्त जाणते मुलगे. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मेळावा भरला, तर तिथे काही मुली न बोलावता हजर! "आम्हीही स्काउटच," असं त्यांचं म्हणणं. बोअर युद्धात नाव कमावलेल्या साहेबाने 1910 मध्ये गाईड ही वेगळी संघटना काढली आणि ती आपल्या बहिणीवर, ॲग्नेसवर, सोपवली. पुरुषांची ही युक्ती सार्वत्रिक दिसते. मग धाकट्या भावांनी पिच्छा पुरवला. त्यांच्यासाठी 1916 मध्ये 'वुल्फ कब' आले आणि त्यांना गोष्ट मिळाली ती मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या मोगलीची. आपल्या सिवनीच्या जंगलातला लांडग्यांचा कळप असा विलायतेला जाऊन गणवेश घालून परत आला.

इथेही तोच हट्ट झाला, पण तो देशाने केला. 1909 मध्ये स्काउटिंग हिंदुस्थानात आलं ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांपुरतं. आपल्या पोरांना मज्जाव होता. तेव्हा मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे, तर ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आपले बालवीर उभे केले. पुढे 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काउट्स अँड गाईड्स' ही एकच संघटना झाली आणि पुढच्या वर्षी गाईडही तीत आल्या.

आता सगळ्यांची सोय आहे. लहानग्यांना कब-बुलबुल, दहाच्या पुढे स्काउट-गाईड, त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर-रेंजर. ब्रीदंही वयाला साजेशी. कबने होईल तेवढा प्रयत्न करायचा, स्काउटने तयार राहायचं, रोव्हरने सेवा करायची. घरी जेवलेलं ताट न उचलणारा मुलगा शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक करतो, निखाऱ्यात भाजलेला बटाटा अर्धा कच्चा आणि अर्धा कोळसा असला तरी "एक नंबर" म्हणून खातो. घरी बुटाची नाडी आईकडून बांधून घेणारी मुलगी प्राणरक्षक गाठ डोळे मिटून मारते.

पण या सगळ्यातली मला आवडलेली गोष्ट गाठींची नव्हे, संघाची आहे. सहा-आठ मुलांचा एक संघ आणि त्यांच्यातलाच एक संघनायक. तो बाकीच्यांहून थोडासाच मोठा, थोडासाच शहाणा. कोणाला पाण्याची बाटली हवी, कोणाला रात्री तंबूबाहेर जायची भीती वाटते, हे त्याने बघायचं. सर लांब उभे. पाचवीतल्याला सातवीतला जितका देव वाटतो तितका कुठलाही गुरुजी वाटत नाही, आणि देव झाल्यावर सातवीतल्यालाही जरा नीट वागावं लागतं. हल्ली सुट्टीत जी साहसशिबिरं भरतात, त्यांत एका वयाची मुलं एका बॅचमध्ये घालतात. तिथे दोरीवरून लोंबकळायला येतं; कोणाचा हात धरायला येत नाही, कारण धरण्याजोगं लहान कोणी नसतंच.

स्काउटच्या या व्यवस्थेत एकाच वयोगटाचा घोळ आहे, तो म्हणजे आईबाबांचा. बेडन-पॉवेलने त्यांच्यासाठी पथक काढलं नाही, म्हणून ते शिबिराच्या पहिल्या संध्याकाळीच डबा घेऊन उगवतात. सोबत ओडोमॉस आणि मे महिन्यातल्या रत्नागिरीत स्वेटर! पोरगं मित्रांसमोर लाजेने चूर होतं, आणि संघनायकाने दिवसभरात कमावलेला सगळा अधिकार पुरणपोळीच्या वासाने क्षणात जातो.

तेव्हा पालकहो, ओडोमॉस आधीच पिशवीत घाला, पुरणपोळी पोरगं परत आल्यावर करा, आणि फाटकापासून मागे फिरा. आत त्याच्यापेक्षा दोन इयत्ता पुढे असलेला एक पोरगा आहे. त्याच्यावर विश्वास ठेवा.