कोसबाडची वायदेकरीण

'वायदा' या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. एका घरात तो वायदेबाजारात वावरतो, म्हणजे जो माल अजून पिकलेला नाही त्याचा भाव आजच ठरवून टाकण्याच्या व्यवहारात, आणि तेथे त्याला संगणक, वातानुकूलन व प्रतिष्ठा लाभते. दुसऱ्या घरात तो दुकानातून उधार आणलेल्या तेलामिठाचे पैसे अमुक दिवशी देण्याचे वचन एवढाच असतो, आणि तेथे 'खोटा' हे विशेषण त्याच्यासाठी आधीच काढून ठेवलेले असते. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीच्या आसपास, आणि तेथून तलासरीपर्यंतच्या पाड्यांवर, या दोन्ही घरांत एकाच वेळी नांदणारी एक गृहिणी आढळते, जिला येथे सोयीसाठी 'वायदेकरीण' म्हटले आहे. न कापलेल्या भातावर, न उतरवलेल्या चिकूवर, न व्यालेल्या बकरीवर आणि न आलेल्या अनुदानावर ती वर्षभर सौदे करते, आणि ते जवळजवळ सगळे पुरेही करते. फक्त ठरलेल्या तारखेला करत नाही.

घरखर्चावरील झाडून सारी पुस्तके महिना हे माप गृहीत धरतात, कारण ती लिहिणाऱ्यांना पगार असतो. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जासाठी, म्हणजे वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिल्या जाणाऱ्या कर्जासाठी, जे नियम लागू केले त्यांतही कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत असे बंधन आहे. बंधन शहाणपणाचेच आहे. अडचण एवढीच की वायदेकरणीच्या घरात मासिक उत्पन्न नावाची वस्तू नसते. पावसाच्या तोंडावर रानात उगवणाऱ्या शेवळांच्या जुड्या डहाणूच्या बाजारात विकून पोरांच्या वह्या येतात, आषाढात लावणीची मजुरी मिळते, दिवाळीच्या आगेमागे भात आणि गवत कापले जाते, मग चिकूच्या वाड्या, फुग्यांचे कारखाने किंवा वीटभट्टी यांपैकी जे हाक मारील ते. अर्ज भरून घेणाऱ्याने "मासिक उत्पन्न किती?" असे विचारले की ती "कोणत्या महिन्याचं?" असा उलट प्रश्न करते, आणि या प्रश्नासाठी अर्जात रकाना नसल्यामुळे तो बिचारा स्वतःच्या मनाने एक नीटस आकडा लिहितो. त्या आकड्यावर श्रावणात चूल पेटत नाही, पण कर्ज मंजूर होते.

तिच्या देण्यांचे प्रकार पाहिले तर एखाद्या छोट्या संस्थानाचा दरबार भरल्यासारखा वाटतो. सर्वांत खालच्या पायरीवर हातउसने, म्हणजे शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर किंवा वीस-पन्नास रुपये, ज्यांवर व्याज नसते आणि ज्यांची नोंदही नसते. त्याच्या वर दुकानातील उधारी, जिची वही शेठजवळ आणि स्मरण तिच्याजवळ असते, आणि या दोहोंत मतभेद झाला तर वही जिंकते. त्याच्या वर बचत गटाचे अंतर्गत कर्ज, बहुधा शेकडा दोन, म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये या दराने. त्याच्या वर साप्ताहिक हप्त्याचे कर्ज, ज्यात चार-पाच बायका परस्परांना जामीन राहतात आणि ज्याची वसुली करणाऱ्या तरुणाला, तो कालपर्यंत कॉलेजात असला तरी, 'सर' म्हणतात. आणि सर्वांच्या वर बयाणा, म्हणजे वीटभट्टीच्या मालकाने ऐन पावसाळ्यात हातावर ठेवलेली आगाऊ रक्कम, जी श्रावणभाद्रपदात खाऊन संपते आणि जिची फेड दिवाळीनंतर संपूर्ण कुटुंबाने भट्टीवर राहून करायची असते. तेथेही पोटापुरती दर आठवड्याला जी 'खर्ची' मिळते ती हंगामाच्या शेवटी हिशेबातून वजा होते, त्यामुळे कुटुंब घरी परतते तेव्हा विटा मालकाच्या आणि थकबाकी स्वतःची अशी न्याय्य वाटणी झालेली असते.

या दरबारात आधी कोणाचा मान ठेवायचा, हा वायदेकरणीच्या शास्त्राचा गाभा आहे. अर्थशास्त्राचा सल्ला असा की सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. ती बरोबर उलटे करते: हातात पैसा येताच पहिल्यांदा शेजारणीचे बिनव्याजी पन्नास परत जातात. शहरातून आलेल्या मार्गदर्शकाला हे अडाणीपणाचे लक्षण वाटते आणि तो फळ्यावर चक्रवाढ व्याजाची आकृती काढून दाखवतो. वायदेकरीण ती आकृती आदराने पाहते, पण तिचा हिशेब व्याजाच्या दरावर चालत नाही, पुन्हा दार कोणाचे ठोठावावे लागणार यावर चालतो. रात्री अडीच वाजता पोराला ताप भरला तर शेकडा दोनवाला गट बैठकीशिवाय पैसे देत नाही आणि 'सर' मंगळवारशिवाय येत नाहीत. शेजारीण मात्र उठते. साप्ताहिक हप्ता चुकत नाही त्याचेही कारण व्याज नसून अंगणात बसून राहिलेल्या चार जामीनदारणी हेच असते, कारण त्यांच्यातल्या एकीकडे तिची मुलगी द्यायचे चालले आहे.

मिळकतीच्या बाजूचे गणित याहून नाजूक आहे. कोंबड्या आणि बकऱ्या ही ग्रामीण बचत होय, असे अहवालांत लिहिलेले असते आणि ते खरेही आहे, पण अहवाल लिहिणारे कोंबड्या मोजतात, कोंबड्यांवरचे बोजे मोजत नाहीत. अंगणात सहा कोंबड्या दिसत असल्या तरी एक खुडूक बसलेली असते, एक नणंदेची अर्धलीने पाळलेली, म्हणजे जिची पिले निम्मी-निम्मी वाटायची अशी असते, आणि जो सर्वांत धष्टपुष्ट कोंबडा खरेदीदाराच्या डोळ्यांत भरतो तो गेल्या वर्षीच्या आजारपणात देवाला बोललेला असतो. असा कोंबडा गहाण मालमत्तेप्रमाणे विकता येत नाही, आणि धनको अदृश्य असल्यामुळे मुदतवाढ मागण्याचीही सोय नसते. विक्रीयोग्य म्हणून उरते ती म्हातारी कोंबडी, आणि नेमका त्याच दिवशी जावई येतो.

अलीकडे या व्यवस्थेत 'हप्ता' या शब्दाने मोठा गोंधळ घातला आहे. पूर्वी हप्ता फक्त घराबाहेर जात असे. २०२४ पासून राज्य सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार रुपये येऊ लागले आणि त्यांनाही हप्ताच म्हणतात. तेव्हापासून वायदेकरीण 'येणारा हप्ता' आणि 'जाणारा हप्ता' असा भेद करते. जाणाऱ्याला वार आहे, वेळ आहे; येणारा मोबाइलवर संदेश येईल तेव्हा आला म्हणायचा. रोजगार हमीचीही तीच तऱ्हा: २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात दिवसाची मजुरी २९७ रुपये होती आणि ती पंधरा दिवसांत द्यावी असे कायदा सांगत होता. पंधराव्या दिवसावर विसंबून तिने शेठला शब्द दिला आणि तो खोटा ठरला, तर या साखळीतला खोटा वायदा नेमका कोणाचा हे ठरवण्याची जबाबदारी शेठ घेत नाही. त्याच्या दुकानात सरकारचे खाते नसते.

या बाईच्या काटेकोरपणाला इतिहास आहे, आणि तो हसण्यासारखा नाही. पावसाळ्यात धान्य संपले की सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरते धान्य, उचलायची आणि सुगीला सवाईने किंवा दिडीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट, परत करायची ही या भागाची जुनी रीत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतले तर नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबायला बांधले जात आणि कर्ज फिटले असे सांगणारा हिशेब सहसा कोणी पाहिलेला नसे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात या भागातील वारली आदिवासींची परिषद भरली, किसान कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चळवळीने वेठ नाकारली आणि रोज बारा आणे रोख मजुरीची मागणी पुढे आली. वेठबिगारी नष्ट करणारा देशाचा कायदा त्यानंतर एकतीस वर्षांनी, १९७६ साली झाला. (वीस वर्षांच्या गृहकर्जापायी नोकरी सोडता न येणाऱ्या शहरी दांपत्याला लग्नगडी म्हणण्याची प्रथा नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांना निदान हिशेबाचा कागद मिळतो.)

लग्नाने गुलाम झालेल्या समाजाने लग्नावर काढलेला तोडगा मात्र वायदेकरणीच्या शास्त्राला साजेसा होता. संसार आज सुरू करायचा आणि लग्न ऐपत येईल तेव्हा लावायचे, अशी मुभा वारली समाजात आहे. परिणामी बापाचे आणि लेकाचे लग्न एकाच मांडवात लागल्याची उदाहरणे घडतात. बाहेरच्या पाहुण्याला यात गंमत वाटते. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर दोन पिढ्यांचा मांडव, जेवण आणि वाजंत्री एका खर्चात उरकणे याहून चांगली काटकसर कोणत्याही अर्थसाक्षरता शिबिरात शिकवलेली नाही. शिबिरांत गरज, बचत आणि चैन असे तीन डबे करायला सांगतात. डबे फुकट मिळाले तर वायदेकरीण ते नेते, आणि पुढे त्यांत अनुक्रमे मीठ, हळद आणि काकडीचे बी सापडते.

नाही त्यातून भागवण्याची विद्या या टेकडीला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७च्या सुमारास कोसबाडला आले, तेव्हा मॉन्टेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी पाने, बिया, खडे आणि शंखशिंपले यांवर मुलांना मोजायला शिकवले, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. वायदेकरणीचा हिशेबही अंगणातच होतो. आठवड्याच्या हप्त्यांसाठी ती चिंचोके मोजून गाडग्यात टाकते, आणि मोठ्या देण्यांच्या रेघा कोळशाने कुडावर, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून केलेल्या भिंतीवर, ओढते. फिटलेल्या देण्याच्या रेघेवर ती आडवी रेघ मारते.

घरात लग्न निघाले की हा कुड नव्याने सारवावा लागतो, कारण त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा असतो, आणि वारली बायका चौक काढत नाहीत, लिहितात. फिटलेल्या आणि न फिटलेल्या सगळ्या रेघा एकाच हाताने गेरूखाली जातात. दुपारपर्यंत भिंत वाळते, सुवासिनी पिठाची वाटी घेऊन बसतात, आणि वायदेकरीण कोळशाचा तुकडा हातात घेऊन, मांडवाच्या बांबूंच्या देण्यापासून सुरुवात करत, चुलीमागच्या कुडावर मोकळी जागा शोधू लागते.