पद्मिनीवाले काका

पेण-रोह्याच्या पट्ट्यात दर दोन-चार आळ्यांमागे एक पद्मिनीवाले काका असतातच. अंगात जाळीचं बनियन, नखांत ग्रीस आणि बोलताना कमरेपर्यंत गाडीखाली.

मेकॅनिककडे जाणं त्यांच्या कुळाचारात बसत नाही. "तो एक नीट करतो नि दोन बिघडवतो," हे त्यांचं मत. आणि तेवढं तर आपणही करू शकतो, हा स्वाभिमान.

मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, तेव्हा लोकांनी डोळे पुसले. काकांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला फोन लावला. पुढल्या गणपतीत, मूर्ती पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून मागचा अख्खा अ‍ॅक्सल, हाउसिंग-ड्रमसकट, पेंढ्यात गुंडाळून पेणला आला. शेजारच्या आजींनी सवयीने हात जोडले.

मग तो पडवीत वाट बघत पडला. मुंबई-गोवा महामार्गाला सारं कोकण शिव्या देतं. काकांची त्याच्यावर भिस्त होती. अखेर वडखळपुढच्या एका खड्ड्याने शब्द राखला. मागून कडकड ऐकू येताच काकू म्हणाल्या, "झालं तुमच्या मनासारखं!"

अंगणात गाडी जॅकवर चढली, खाली लाकडाचे ठोकळे गेले. खाडीच्या खाऱ्या हवेने पाट्यांचे यू-बोल्ट असे धरले होते की दोन दिवस त्यांना नुसतं डिझेल पाजलं. प्रोपेलर शाफ्ट सुटला, ब्रेकचा पाइप सुटला, जुना अ‍ॅक्सल उतरला, नवा (म्हणजे कमी जुना) चढला. राहिलं ब्रेकची हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात, म्हणून काकू स्टिअरिंगवर. मांडीवर बिरड्याचे वाल, पाय ब्रेकवर.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय."

"सोड!"

"सोललेले नाहीत अजून!"

रविवारी स्वारी लेकीकडे रोह्याला निघाली. रेल्वे आहे, एसटी आहे. पण गाडी 'चालवून बघायची' होती. जावयाने कौतुकाने आपली कोरी गाडी दाखवली. काका रीतसर आडवे झाले, खाली टॉर्च मारला आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले ते हळहळतच. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. मागे ना क्राउन, ना पिनियन, ना पाटे.

"जावईबापू, गाडी झकास आहे," काका हात पुसत म्हणाले, "पण रिटायर झाल्यावर तुम्ही करणार काय?"