कनवटीच्या किल्ल्या

सकाळी गडग्यावर सूप टेकवून रातांबे फोडत होते. हात कोपरापर्यंत लाल. तेवढ्यात पलीकडून वहिनी डोकावल्या.

"ऐकलंत का? आबांचं दुकान उघडलं एकदाचं!"

"इतके दिवस उघडणार तरी कसं! तीन दिवस किल्ल्या रत्नागिरीला, दवाखान्यात, आबांच्या उशाखाली. न्हाणीघरात घसरून खुबा मोडला, पण कनवटीची किल्ली काही सुटली नाही."

"लेक येते ना रोज देवरूखहून एसटीने?"

"येते, राबते, पण शटर कशाने उघडणार? त्यात वीस तारीख. जीएसटीचं रिटर्न भरायचं तर ओटीपी जाणार आबांच्या मोबाइलवर. मोबाइल दवाखान्यात, चार्जर घरी. दिवसाला 50 रुपये दंड पडला तो वेगळाच. आणि उधारीची वही बघितलीत तुम्ही? 'पु. खा. 340.' आता पु. खा. म्हणजे पुलाखालचा, हे आबांशिवाय कोणाला कळायचं? शास्त्री नदीला पूर आल्यावर अर्धा बाजार पुलाखालचाच होतो!"

वहिनी हसल्या आणि न विचारता चार रातांबे स्वतःकडे ओढले.

"मी भेटायला गेले तेव्हा म्हटलं, आबा, काहीतरी लिहून ठेवा. तर म्हणाले, 'मुलाला नॉमिनी लावलंय बँकेत. मिटलं.' मिटलं म्हणे! तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे ना? ते 1973 साली काढणारे जयंतराव साळगावकर, आपले मालवणचे. दुसऱ्यांचं भविष्य सांगणारा माणूस, पण स्वतःचं मृत्युपत्र 2011 सालीच करून बसलेला. 2013 साली गेले. तरी म्युच्युअल फंडाच्या पैशावरून घरच्याघरी कोर्ट झालं. नॉमिनी म्हणत, नाव आमचं म्हणजे पैसे आमचे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023मध्ये सांगितलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने पैसे हातात घ्यायचे, हक्क मृत्युपत्राप्रमाणे नाहीतर वारसांचा."

"अगो बाई! मृत्युपत्र असूनही दहा वर्षं?"

"आणि आबांकडे तेही नाही. साध्या कागदावर होतं हो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली, त्यांच्याही घेतल्या की झालं. नोंदणीची सक्ती नाही, तरी करून घेतलेली बरी."

"पण मुलगा तर म्हणतो, विकून मोकळे व्हा. डोंबिवलीहून येऊन तो काय गूळ तोलणार आहे!"

"विकण्यात वाईट काय? कॅम्लिनवाल्या दांडेकरांचा 1931पासूनचा धंदा, त्यांनीही 2011 साली मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोला दिलाच की. पण त्यांचं सगळं कागदावर. इथे घेणारा विचारील, उधारी किती, तर काय दाखवणार, पु. खा.? शिवाय गाळा अजून आबांच्या वडिलांच्या नावावर. म्हणजे आबांच्या बहिणींच्याही सह्या आल्या. हायवेत गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याला अशाच सह्यांपायी लोकांची कशी त्रेधा उडाली, बघितलंत ना आपण."

"मग लेकीच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकावं."

"घर, शेतजमीन देता येते मुलांना, मुद्रांक 200 रुपये. वर थोडा अधिभार. गाळ्याला मात्र ती सवलत नाही. आणि हयातीत देऊन बसलं की सहजासहजी परत मागता येत नाही, वहिनी. आबांचा जीव तिथेच अडकतो. मी काही त्यांना हसत नाही. चाळीस वर्षं ज्या खुर्चीवर बसले, तिथून उठून कुठे बसायचं?"

"लेकीचं काय पण? तिला वाटतं का काही?"

"ती कसली बोलते! 2005च्या कायद्याने वडिलोपार्जितात तिचाही हक्क मुलाइतकाच. पण तिने शब्द काढला की गावात म्हणतील, बाप आडवा आणि ही वाटणी मागते. म्हणून म्हणते, हे बोलणं आबांनीच काढायला हवं."

तेवढ्यात बेड्याशी लेकच दिसली. काखेत ती लाल वही.

"कुठे निघालीस गो?"

"रत्नागिरीला. आबांनी वही घेऊन बोलावलंय. ते सांगणार, मी पुढे पुरी नावं लिहिणार."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "आणि किल्ल्या?"

"दिल्या की," ती हसली. "गल्ल्याची सोडून."