लाटांची भरपाई

लॉस एंजेलिसजवळ एल सेगुंडोला शेव्हरॉनची रिफायनरी आहे. १९८०च्या दशकात पाइपलाइनी उघड्या पडू नयेत म्हणून कंपनीने समुद्रात दगडी बांध घातला. वाळू राहिली, सर्फिंगच्या लाटा मात्र बिघडल्या. आपल्याकडे मासे गेले तरी कोळ्यालाच आधी कागदपत्रं मागतात; तिथे कॅलिफोर्नियाच्या कोस्टल कमिशनने कंपनीला चक्क लाटांची भरपाई द्यायला लावली. रक्कम, ३ लाख डॉलर.

मग त्या पैशातून, लाट पुन्हा उठावी म्हणून २००० साली वाळूने भरलेल्या, प्रत्येकी सुमारे १४ टनांच्या अजस्र गोण्या समुद्रात सोडल्या. सर्फरायडर फाउंडेशन या सर्फरांच्या संघटनेच्या दिवंगत टॉम प्रॅट यांच्या नावाने हा कृत्रिम खडक ‘प्रॅट्स रीफ’ झाला. लाट काही उठेना. पुढच्या वर्षी आणखी गोण्या. तरी लाट ढिम्म! रीफ पैशात बसेल एवढाच बांधलेला. पॅसिफिकला अंदाजपत्रक दाखवायचं मात्र राहून गेलं. गोण्या फाटल्या, आणि २०१०पर्यंत त्या बाहेर काढायचं कामही करावं लागलं. वेगळ्या खर्चाने, अर्थात.

मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड रचणाऱ्या आणि कोकणात धूपप्रतिबंधक बंधारे मंजूर करणाऱ्या साहेबांना एकच विनंती: फसलं तर उचलायचं कोणी, हे निविदेतच लिहा.