डायरेक्ट आबा

रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत जून लागला की पाऊस आणि पाहुणे दोघेही धरून बसतात. राज्याभिषेकाचे सोहळे दोन, एक ६ जूनचा आणि एक तिथीचा. त्यामागून चिखलाने माखलेले ट्रेकर. खानावळवाल्या वहिनींपुढे चादरींचा हा ढीग! वलणीवर टाकल्या तर आठवडाभर वाळत नाहीत, चुलीवर धरल्या तर पाहुणा सकाळी धुराचा वास घेऊन उठतो. म्हणून घरात दोन टबांचं मशीन आलं. त्यातला ड्रायर कपडे नुसते पिळून देतो, पण आषाढात तेवढंही पुष्कळ.

तो ड्रायर फिरेनासा झाला की आबा येतात. बोलवावं लागत नाही. महाडचा मेकॅनिक पंचवीसेक किलोमीटरवर, तो "पाऊस उघडला की येतो" म्हणतो, म्हणजे दसऱ्याला. आबा मात्र छत्री दाराशी टेकवून, खिशातला टेस्टर चाचपत विचारतात, "वहिनी, केवढ्याला घेतलं हे?"

आकडा कोणताही सांगा, त्यांच्या मते तुम्ही फसलेला असता.

आबा मुंबईला गिरणीत होते. ८२च्या संपानंतर गावी आले ते यंत्रांचं ज्ञान घेऊनच. १९९६ साली इथे रोपवे झाला, तेव्हाही ते रोज जाऊन उभे राहायचे. इंजिनिअरांनी त्यांचं ऐकलं नाही आणि तरी पाळणा चालतो, हे त्यांना अजून पचलेलं नाही. आख्यायिकेतली हिरकणी कोजागिरीच्या रात्री लेकरासाठी कडा उतरून गेली, ती वर आबा नव्हते म्हणून. असते तर हा कडा मुळात कसा चुकीचा तुटलाय, हे तिला पहाटेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

"आवाज येतो का?"

"काही नाही येत. गप्प आहे."

प्रश्न खरं तर लाखमोलाचा. टायमर फिरवल्यावर ड्रायर नुसताच घूं करत राहिला, तर कपॅसिटर गेलेला असतो, ब्रेक सुटलेला नसतो किंवा एखादा पायमोजा ड्रमखाली जाऊन बसलेला असतो. काहीच आवाज नसेल तर टायमर नाहीतर झाकणाचा स्विच बघायचा. आणि धुण्याची बाजू व्यवस्थित फिरत असेल तर प्लगला, फ्यूजला हात लावायचं कारणच नाही. दोन्ही बाजूंच्या मोटारी वेगळ्या असतात, पण वीज एकाच वायरीतून येते. हे सगळं आबांना माहीत आहे. पण माहिती असणं वेगळं आणि पक्कड हातात असणं वेगळं. त्यांनी पहिला प्लगच उघडला. मग मशीन ओढून मागचं झाकण काढलं. तिथे उंदराची लेंडी सापडली. "हे बघा!" आबा असे खुलले, जणू खजिनाच लागला. वायर मात्र शाबूत होती.

"व्होल्टेज नाही," ते म्हणाले. वरचा बल्ब लख्ख जळत होता.

"मग स्विच गेला. डायरेक्ट करून टाकू." हा त्यांचा रामबाण. पंपाचा स्टार्टर, मिक्सरचं बटण, देवघरातली माळ, वाडीत बरंच काही आबांनी डायरेक्ट करून ठेवलंय. ड्रायरचा स्विच मात्र डायरेक्ट करू नये. झाकण उघडलं की मोटार बंद व्हावी म्हणूनच तो बसवलेला असतो. ड्रम मिनिटाला हजारावर फेरे घेतो, आणि त्यात चादर अडकली तर हातही सोबत जातो.

आबांनी वायर सोलायला घेतली तशी वहिनींनी पुढे होऊन आधी प्लग काढला. मग ड्रायरचं झाकण पाहिलं. चादरीचा एक कोपरा कडेवर आला होता आणि झाकण बोटभर वर राहिलं होतं. आबांनी मशीन मागून, खालून, बाजूने पाहिलं होतं. वरून तेवढं राहिलं. वहिनींनी कोपरा आत खोचला, झाकण दाबलं, प्लग लावला, टायमर फिरवला. ड्रायर घरघरला आणि सुसाट सुटला.

"मी म्हटलंच होतं, स्विच!" आबा म्हणाले. मागचं झाकण बसवलं, एक स्क्रू उरला तो खिशात टाकला, आणि चहाची वाट पाहत त्यांनी घरात नजर फिरवली. कोपऱ्यात टेबलफॅन होता. उन्हाळ्यापासून बंद.

वहिनींनी त्याच्यावर चटकन एक ओली चादर टाकली.