चौदा कॅरेटचं ताक

आमची आक्का, म्हणजे आजी, नेमकी कितव्या वर्षी गेली, यावर अजून घरात एकमत नाही. आधार कार्डाप्रमाणे तिचा जन्म १ जानेवारी १९३१ चा. म्हणजे ज्यांची जन्मनोंद कुठेच नाही अशा देशातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांबरोबर, एकाच मुहूर्तावर. रेशनकार्ड तिला तीन वर्षांनी धाकटी करतं, मतदारयादी चार वर्षांनी थोरली. ती होती तोवर हा घोळ कुणाला खुपला नाही. खुपला तो ती गेली त्या सकाळी, कारण आम्ही राहतो त्या चेन्नईच्या तांबरममध्ये माणूस गेलं की दुपारच्या आत चौकात फ्लेक्स लागतो. वर 'कण्णीर अंजली', मधोमध फोटो, एकीकडे 'तोट्रम' म्हणजे जन्म, दुसरीकडे 'मरैवु' म्हणजे जाणं. फ्लेक्सवाला फोनवर ताटकळला होता आणि आमच्या घरात तीन कार्डं घेऊन तीन काका भांडत होते. शेवटी तिला पाट्टी म्हणजे आजी म्हणणाऱ्या गल्लीतल्या पोरांनी परस्पर मतदारयादीतलं साल देऊन टाकलं. म्हणाली, "आमच्या पाट्टीला कमी कशाला लावायचं?"

तिला स्वतःला विचारलं तर ती साल सांगत नसे, काम सांगायची. "पत्री सरकारच्या वक्ताला मी रानातल्या पोरांस्नी भाकरी पोचवत हुते." नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ मधलं. त्यावरून थोरल्या काकांनी एकदा कागदावर गणित मांडलं होतं. पण भाकरींचा आकडा दर दिवाळीला वाढत गेला (आधी चतकोर-अर्धी, मग चवड, शेवटी बुट्टीभर), तेव्हा काकांचा त्या साक्षीवरचा विश्वास उडाला.

मी आपला आधार कार्डाच्या बाजूचा. कारण १९३१ सालीच मद्रास बीच ते तांबरम ही विजेवरची लोकल सुरू झाली, आणि आक्का व लोकल एकाच सालच्या असणं मला शोभून दिसतं. दोघीही वेळेवर निघायच्या आणि दोघींनाही वाटेत कुणी थांबवलेलं खपायचं नाही. मीटरगेजवरची ती लोकल २००४ साली निवृत्त झाली. आक्का झाली नाही.

आम्ही गलाईवाले. हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोनाराच्या दुकानातला केर, कानशीच्या कामातून उडालेली धूळ, हात पुसलेल्या चिंध्या, मोडके दागिने असं सगळं विकत घ्यायचं, जाळायचं, मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, तेजाबात टाकायचं आणि त्यातून सोनं वेगळं काढायचं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या विद्येवर देशभर पसरली. भारतातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात शिरा, तेजाबाचा वास आला की दारावर टकटक करून बेधडक मराठीत "गाव कंचं?" असं विचारा. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव यांपैकी एक उत्तर येईल आणि चहा येईल.

आमचे आण्णा, म्हणजे आजोबा, असेच एका दूरच्या चुलत्याच्या भट्टीवर कोळसा फुंकायला मद्रासला आले आणि पुढे तांबरमच्या बाजारात त्यांनी स्वतःचा गाळा घेतला. लग्न करून आक्काला आणलं ते बार्शी लाइटच्या चिमुकल्या गाडीनं पंढरपूरवरून कुर्डुवाडीला आणि तिथून मोठ्या रुळावरच्या मद्रासच्या गाडीनं. पंढरपूर स्टेशनातून तिनं कळसाच्या दिशेनं हात जोडले आणि विठोबाला सांगितलं, "एका वर्सात माघारी येते." हा शब्द तिनं पुढं दरवर्षी नव्यानं दिला. पाऊस संपला की जायचं, पोराची परीक्षा झाली की जायचं, भाव वाढला की जायचं. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेला 'यंदा नक्की' असा निरोप ती आयुष्यभर धाडत राहिली. सिद्धनाथानं कधी उलट निरोप पाठवला नाही, एवढा तो समंजस.

पहिल्याच वर्षी एक नाट्य घडलं. आण्णांनी स्वस्तात खोली घेतली होती ती तांबरम सॅनेटोरियम स्टेशनाजवळ. डॉक्टर चौरी मुत्तू यांनी १९२८ मध्ये तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं आणि त्यावरून पुढे अख्ख्या वस्तीला नि स्टेशनालाही तेच नाव पडलं. आण्णांनी खुशालीचं पत्र टाकलं आणि खाली पत्ता लिहिला: तांबरम सॅनेटोरियम. आता मिरजेजवळच्या वानलेसवाडीमुळे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही सॅनेटोरियम म्हणजे काय ते ठाऊक. पत्र वाचणाऱ्यानं पत्ता आधी वाचला, खुशाली नंतर. चौथ्या दिवशी आक्काचे वडील तुपाचा डबा, पेरभर दाढी आणि दोन रडणारे भाऊ घेऊन दारात हजर! "माझ्या पोरीला क्षय झाला आन तुमी दडवून ठिवलं?" आक्का तेव्हा पाण्याच्या दोन घागरी एका दमात जिना चढवत होती. वडिलांनी तिला खोकून दाखवायला लावलं. खोकला येईना, तेव्हा 'लपवतीया' म्हणून पुन्हा रडारड. तूप मात्र ठेवून गेले. पुढे माहेरचं तूप संपत आलं की आक्का पत्रात मुद्दाम पत्ता ठळक अक्षरांत लिहायला सांगायची.

तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग केंद्र सरकारनं पुरवला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिना घडवायला बंदी झाली. ज्या घराचं पोट सोन्यातली भेसळ बाहेर काढण्यावर चालतं, त्या घराला सरकारनं भेसळ आत ठेवायला सांगितलं. सोनार बसले तसे गलाईवालेही बसले. कित्येक दिवस भट्टी थंड. त्या काळात आक्कानं आमच्या चाळीच्या गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालून घर चालवलं आणि तिच्या तोंडात एक शिवी कायमची रुजली: चौदा कॅरेट. पाणचट ताक चौदा कॅरेटचं. लवकर फाटणारी साडी चौदा कॅरेटची. निवडणुकीत हात जोडत येणारा उमेदवार, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, तिच्या नजरेच्या कसोटीवर घासला जाई आणि निकाल एकच लागे. दागिन्यांवरची ती अट काही वर्षांतच सैल झाली, पुढचा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. आक्कानं गल्लीत पेढे वाटले. पेढे चौदा कॅरेटचे निघाले.

माझ्या थोरल्या बहिणीला बघायला एक मुलगा आला होता. चांगला शिकलेला, कंपनीत कामाला, शर्टाची इस्त्री अशी की टेकायला भीती वाटावी. आक्कानं त्याच्या पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवली. तो काटा-चमचा मागेल की काय, अशी आम्हाला धास्ती. त्यानं भाकरी हातानं कुस्करली, त्यावर पिठलं ओतलं, वर कांदा बुक्कीनं फोडला. आक्का आत येऊन म्हणाली, "बावीस हाय. ऱ्हायलेली दोनाची भेसळ संसारात निघंल." आमचे भाऊजी अजून बावीसवरच आहेत.

तमिळ भाषेशी तिचा करार असा होता की ती मराठीत बोलणार आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. तिला 'वा', 'पो', 'वेंडा' आणि 'एव्वळवु' एवढं येत होतं: ये, जा, नको, केवढ्याला. ती म्हणायची, बाजारात याहून जास्त बोलतो तो फसतो. षण्मुगम रोडवर शेवग्याच्या शेंगा विकणारी बाई आणि आक्का, रोज सकाळी एकमेकींना आपापल्या भाषेत यथेच्छ बोलायच्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं असं मला लहानपणी वाटे. पण त्या बाईच्या सुनेचं आणि तिचं पटत नाही, मुलगा पितो, गुडघा डावा दुखतो, ही इत्थंभूत माहिती आक्काला होती. आणि आमच्या घरातली भांडणं त्या बाईला ठाऊक होती, हे मला फार उशिरा आणि फार चारचौघांत कळलं.

हवाई दलावरही तिचा राग होता. तांबरमला विमान चालवायला शिकवणाऱ्यांना शिकवणारी शाळा आहे. तिथली विमानं घिरट्या घालू लागली की आक्का गच्चीवर काठी घेऊन उभी राहायची. तिचं म्हणणं, हा मेला रोज कुरडया वाळत घातल्या की बरोब्बर वरनं जातो. देशाच्या संरक्षणासाठी तिनं एवढंच केलं की काठी कधी फेकली नाही.

पण तिचा खरा विषय पाणी. दुष्काळी मुलखातली बाई. तिच्या माहेरी आंघोळीचं पाणी आळूला, आळूचं म्हशीला. कृष्णा आमच्याच जिल्ह्यातून वाहते आणि आमच्या तालुक्याला कोरडं ठेवते, ही तिच्या जन्माची तक्रार. त्यात कुणीतरी तिला तेलुगू गंगेची गोष्ट सांगितली. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिघांनी १९७६ मध्ये मद्रासच्या पिण्यासाठी कृष्णेतलं प्रत्येकी पाच टीएमसी पाणी द्यायचं कबूल केलं, आणि वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, ते कालव्यानं पूंडीच्या तलावात येऊन पडलं. म्हणजे ज्या नदीला विट्याचा चढ चढवत नव्हता, ती आक्काच्या पाठोपाठ मद्रासला आली! त्या दिवसापासून तिनं शेजाऱ्यांना सुनवायला सुरुवात केली, "आमच्या किस्नामाईचं पानी पिताय, जरा जपून वापरा." तांबरमच्या नळाला कृष्णेचं पाणी येतं की पालारचं, या बारकाव्यात ती शिरली नाही. टेंभू योजनेचं पाणी खानापूर-आटपाडीत पोचल्याचे फोटो पुतण्यानं मोबाइलवर दाखवले, तेव्हा तिनं ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "गढूळ हाय." आता माघारी न जायला कारण उरलं नव्हतं, म्हणून नवं शोधलेलं.

डिसेंबर २०१५ मध्ये तांबरमला एका दिवसात ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. आमच्या विट्याकडे एवढा पडला तर वर्षाचं कोटकल्याण होतं. शेजारचं मुडिचूर पाण्याखाली, खालच्या मजल्यांवर फ्रिज तरंगताहेत, आणि अर्धी गल्ली आमच्या माडीवर. वीज नाही, फोन नाही. आक्कानं ज्वारीच्या पिठाचा डबा काढला आणि गॅसच्या उरलेल्या टाकीवर भाकऱ्या थापायला बसली. पलीकडच्या घरातल्या अम्मा तिरुनेलवेलीच्या. जन्मात भाकरी न थापलेल्या. त्यांना शेजारी बसवून पीठ मळायला लावलं. सबंध रात्र त्या दोघी तव्याशी होत्या. पहाटे आक्का खिडकीशी आली, रस्त्यावरचा तो तपकिरी समुद्र पाहिला आणि कुणालाही न उद्देशून म्हणाली, "ह्यातलं निम्मं जरी तिकडं पडलं असतं, तर आमी हितं कशाला मराय आलो असतो?" आम्ही घरचे सोडलो तर माडीवरच्या चाळीसेक माणसांतलं एकही मराठी समजणारं नव्हतं, तरी सगळे गप्प झाले. मग तिनंच ओरडून एकेकाला खायला बसवलं.

आणि चार वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, चेन्नईचे तलाव तळाला गेले. टँकरभोवती भांडणं सुरू झाली. आक्का एकदम तरुण झाली! हा तिचा प्रांत. खुर्ची टाकून टँकरशेजारी बसली आणि घरटी किती घागरी, कुणाचं बाळंतपण, कुणाकडे आजारी माणूस असा हिशेब बोटांवर करू लागली. 'वेंडा' आणि 'पो' हे शब्द त्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त वापरले गेले. माजी नगरसेवकालाही एकदा रांगेत उभं केलं. किती कॅरेटचा ते ती बोलली नाही, आम्हाला समजलं.

ती गेली मार्गळी महिन्याच्या थंडीत, झोपेतच, आदल्या रात्री ताकाला नावं ठेवून. गावाकडून दोन जीप भरून माणसं आली. पतवंडं बघून पिकल्या वयात माणूस गेलं की इकडे त्याला 'कल्याण सावु' म्हणतात, म्हणजे लग्नासारखं मरण. पोरांनी फुलांनी मढवलेली गाडी आणली, फटाक्यांच्या माळा लावल्या आणि परै वाजवणाऱ्यांचा ताफा दारात उभा केला. विट्याचे मामा हादरले. "अरं हे मयत हाय का वरात?" त्यांनी थोरल्या काकांना कोपऱ्यात घेतलं, गावात तोंड दाखवायचं कसं वगैरे झालं. तेवढ्यात परैवर पहिली काठी पडली. मामा बोलता बोलता थांबले. परै म्हणजे काय, तर दोन काड्यांनी वाजवायची आमची हलगीच. ठेका जरा निराळा. मामांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या आवर्तनाला मान हलवली, तिसऱ्याला धोतराचा सोगा खोचला, आणि बसस्टॉपपर्यंत असे नाचले की वाजवणाऱ्यांनी त्यांनाच नोटा ओवाळायला सुरुवात केली. शेवग्याची बाई दुकान उघडं टाकून पुढं चालत होती आणि आक्काला मोठमोठ्यानं काहीतरी सुनावत होती. बहुधा भावावरूनच.

विट्याकडच्या मंडळींना एक विनंती. ज्वारीचं पोतं दरवर्षीप्रमाणे ट्रान्सपोर्टनं पाठवत जा. आमच्या घरात भाकरी कुणालाच धड जमत नाही. पण पलीकडच्या अम्मांना उत्तम येते, आणि 'पोतं कधी येणार' असं त्या पोंगलपासून विचारताहेत.